ताईला कळवायला हवं

दि. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याच्या नव्या तेलाच्या वासाने भाऊजी उशी काखेत मारून बाहेरच्या खोलीत निघून गेले, हे वाचून ही बराच वेळ हसत होती. फोनवर तुला हल्ली माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू पदरचं घालतेस, त्यापेक्षा पत्र बरं. इथे आम्ही ठीक आहोत. लेक नोकरीच्या गावी सुखरूप आहे. दुकान जसं चालायचं तसं चालतं.

आई शरीराने बरी आहे. खाते-पिते, खिडकीशी खुर्चीत बसते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या चालीवर शेरा मारते. टपालवाला पत्रं खिडकीतून तिच्याच हातात देतो. मग ती मी करून दिलेला चष्मा चढवते, पत्ता वाचते, आणि तुझं अक्षर दिसलं की ताईचं आलं म्हणून घर डोक्यावर घेते. पाकीट मात्र फोडत नाही. दुसऱ्याचं पत्र फोडू नये ही शिस्त ती विसरलेली नाही. बाकी बरंच विसरली आहे.

त्या विसरण्याला आता एक वेगळं वळण लागलं आहे, ते तुला कळवायचं होतं. या घरात दादा ही हाक दोघांना मिळाली. आधी आपल्या थोरल्याला, आणि तो तापात गेल्यावर मला. मी तुझ्याहूनही लहान, पण तूसुद्धा मला दादाच लिहितेस, इतकं ते अंगवळणी पडलं. बाबांनी थोरल्यासाठी दुकानावर ‘दादा चष्मेवाले’ अशी पाटी रंगवून घेतली होती. तो गेला, पाटी राहिली, पाटीखालचा माणूस तेवढा बदलला. बाजारात माझं दुसरं नाव कुणाला ठाऊकही नसेल. पण आई मला दादा म्हणायची तेव्हा ती कुणाला हाक मारते आहे हे तिला आणि मला, दोघांना कळायचं. आता तसं राहिलेलं नाही. तिच्या लेखी मी थोरलाच आहे. परवा तिने मला पाय पुढे करायला लावला आणि सायकलवरून पडल्याची गुडघ्यावरची खूण शोधली. खूण त्याच्या गुडघ्यावर होती. माझ्या गुडघ्यावर काही सापडेना, तेव्हा म्हणाली की बघ, किती छान भरून आली, मी सांगत नव्हते का, खाजवू नकोस म्हणून.

मी हसलो. पण मग तिने विचारलं की शेंडेफळ कुठे आहे, अजून रोपवाटिकेतून आलं नाही का, आलं की आधी हात धुवायला सांग. ताई, शेंडेफळ ही हाक मी पोरवयानंतर ऐकलेलीच नाही. बाबांनी थोरल्याचा कोट माझ्या अंगावर चढवला त्या दिवसापासून ती बंदच झाली. मी तिच्या पायाशी बसलो आणि म्हणालो की मीच की तुझं शेंडेफळ. तिने माझ्या गालावर हलकी चापट मारली. एवढा घोडा झालास, धाकट्याच्या नावावर लाड करून घेतोस, असं म्हणाली.

डॉक्टर म्हणतात, तिला विरोध करू नका, ती म्हणेल ते खरं. मी देवापुढे रोज बसतो पण सहसा काही मागत नाही, हे तुला माहीत आहे. या वेळी मागितलं. तिच्या मनातली पाटी पुरती पुसली जायच्या आत एकदा, एकदाच, तिने मला मी म्हणून ओळखावं. जास्त मागितलं का, ते तू सांग.

भाऊजींना नमस्कार. पत्रावर नाव कुठलंही असो, तुझी माया मला बरोबर सापडते; तशीच सापडू दे.

तुझा,
दादा


दि. १५ जून

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी हसले, मग चष्मा काढून पुसला. चष्मा तुझ्याच दुकानातला आहे आणि त्याची डावी काडी पुन्हा सैल झाली आहे, ही तक्रार आधी नोंदवून घे. आमच्या ह्यांनी तुझं पत्र माझ्या आधीच वाचलं आणि म्हणाले की तुझा भाऊ चष्मे विकतो खरा, पण त्याला स्वतःला काय हवंय ते पन्नाशीत दिसायला लागलं. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तेलाचा राग आहे तो.

आता मी मोठी बहीण म्हणून सांगते, रागावू नकोस. तुझं काय जातं रे? इतकी वर्षं तू दादा आहेसच. बाजाराचा दादा, घराचा दादा, माझ्या मुलांच्या लग्नात पाहुण्यांना हात जोडून उभा राहणारा दादा. त्यात आईची एक भर. तिला तिचा गेलेला मुलगा परत मिळाला आहे, याचा तू विचार केलास का? रोज सकाळी उठून ती त्याला डोळ्यांपुढे पाहते, त्याला जेव म्हणते. तू तिला पटवून दिलंस की तू धाकटा आहेस, तर त्याच क्षणी थोरला तिच्यासाठी पुन्हा मरेल. ते एकदा तिने सोसलं. दुसऱ्यांदा सोसायला तिच्यात काय उरलंय?

हे मी डोक्याने लिहिलं. आता मनातलं लिहिते. तुझ्या पत्रातली ती हाक वाचली आणि मला तू दिसलास, मागच्या दाराने हळूच आत येणारा, नखांत माती भरलेला, आणि आई झारा उगारून तुझ्या मागे. ती तुला चेहऱ्याने नव्हे, त्या मातीवरून ओळखायची. चेहरा तर तुम्हा दोघांचा एकाच साच्यातला. म्हणून एक वेडेपणा सुचतो. तुला एवढीच आस असेल तर एकदा तसा जाऊन तिच्यापुढे उभा राहा. कोट नको, भांग नको. माती भरलेले हात घेऊन. ओळखलं तर ओळखलं. नाहीतर हात धू आणि दुकानात जाऊन बस, आणि मग पुन्हा हा विषय नको.

वहिनीला सांग, लोणच्याची बरणी उन्हात ठेवताना तिचं झाकण नीट बघत जा म्हणावं. तुमच्या दोघांवर लोभ आहेच, तो कमी करायचा म्हटलं तरी या वयात जमायचं नाही.

तुझी,
ताई


दि. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. काय झालं ते क्रमाने लिहितो.

आधी जुन्या रोपवाटिकेकडे गेलो. दुकान दिवसाढवळ्या बंद ठेवलं तेव्हा शेजारचा शिंपी कुणी गेलं का म्हणून विचारायला आला. रोपवाटिका आता नाही. जिथे गुलाबांचे वाफे होते तिथे गाड्या उभ्या करतात. ज्यांच्या हाताखाली मी शाळा सुटल्यावर राबायचो ते मातीकाका कधीच गेले. मी फाटकाशी उभा होतो तर पहारेकऱ्याने गाडी कुठे आहे म्हणून विचारलं. गाडी नाही म्हटल्यावर मग इथे काय काम, असं म्हणाला. त्याचं बरोबरच होतं.

दुसरीकडून जंगली गुलाबाची एक कुंडी आणली आणि गच्चीवर बसून तिच्यावर डोळा भरला. तुला आठवत असेल, जंगली खुंटाची साल चिरून तिच्यात चांगल्या जातीच्या गुलाबाचा एक डोळा बसवायचा आणि घट्ट बांधायचा. वाटलं होतं हात विसरले असतील. नव्हते विसरले. साल इतकी अलगद सुटली की माझा मीच दचकलो. ही जिना चढून आली, दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली की आता या वयात हे नवीन काढू नका, लोक हसतील. मी म्हटलं की नवीन नाही, हे जुनं आहे. तिचंही कसं बघ. तिला मागणी घातली होती थोरल्यासाठी. शब्द दिलेला होता, म्हणून तिलाही माझ्या पदरात घातलं. तिने कधी तक्रार केली नाही आणि मीही केली नाही. संसार नीट झाला. दोन भली माणसं प्रवासात समोरासमोर बसून एकमेकांना जागा करून देतात, तसा झाला.

त्याच दिवशी दुपारी, हात तसेच मातीचे ठेवून, जुना सदरा घालून, मागच्या दाराने आईच्या खोलीत गेलो. आईने मान वर केली, बराच वेळ माझ्या हातांकडे बघितलं. मला वाटलं, झालं. मग तिने हिला हाक मारली आणि सांगितलं की माळी आला आहे, त्याला चहा दे, आणि चपला बाहेर काढायला सांग, फरशी आत्ताच पुसली आहे.

मी चपला बाहेर काढल्या. आणखी काय करणार? चहा घेत दारातच बसलो. आई खुशीत होती. गुलाबाला कीड लागली तर काय करता, पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी, असं विचारत होती. मी सांगत होतो. इतक्या वर्षांत तिने मला असलं काही विचारलं नव्हतं. मग म्हणाली की आमच्याकडेही एक होता असा मातीत लोळणारा, हात धुवायचा भारी कंटाळा होता त्याला. मी विचारलं की आता कुठे असतो. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि रस्त्याने जाणाऱ्या एकाच्या चालीवर शेरा मारला.

हात धुऊन, कोट घालून परत आलो तर मला सांगते, दादा, चांगला बोलका माळी आला होता रे, त्याला धरून ठेव, दुकानाच्या दारात दोन कुंड्या लावून घे. तुझ्या भाषेत सांगायचं तर मी स्वतःवरच जळलो.

तुझं म्हणणं होतं, मग हा विषय नको. पण ती ‘होता’ म्हणाली, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या या बडबडीला तुझ्या मनात एक कोपरा आहे, तो असाच रिकामा ठेव.

तुझा,
दादा


दि. १० जुलै

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ह्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. त्यांचा काही दोष नव्हता. राग तुझा होता आणि तू हाताशी नव्हतास.

तू लिहितोस, कोट चढवला, पदरात घातलं. म्हणजे सगळं तुला कुणीतरी केलं. तो कोट माझ्या चांगला लक्षात आहे. बाह्या लांब होत होत्या, त्या मीच आत दुमडून टाचल्या. आई अंथरुणाला खिळलेली, बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले, गिऱ्हाईक दुकानाच्या बंद दाराशी येऊन परत जायचं. कुणीतरी उभं राहायलाच हवं होतं. तू राहिलास. त्यावर हे घर उभं राहिलं, माझं लग्न झालं, हे मी कधी विसरले का? पण खरं सांग, नंतर तुला कुणी बांधून ठेवलं होतं? बाबांना जाऊनही किती काळ लोटला. तेव्हा मातीकाका होते, रोपवाटिका होती. तेव्हा का नाही गेलास? आता तिथे गाड्या उभ्या राहिल्यावर आणि आईची मती गेल्यावर तुला तू आठवलास. जो दरवाजा उघडा होता तिकडे बघितलं नाहीस आणि भिंतीवर डोकं आपटतोस. याला काय म्हणावं?

लिहून झालं आणि वाईट वाटलं. पण खोडत नाही. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, तुझी सवय मला माहीत आहे.

तिच्या ‘होता’ म्हणण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. म्हाताऱ्या माणसाचं आहे आणि होता यात फारसं अंतर राहत नाही. वाटलं तर मी येते. गुडघ्याचं मी बघून घेईन.

बोलले ते विसर, पण मला विसरू नकोस.

तुझी,
ताई


दि. २४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस ते बरं केलंस. दुसरं कुणी विचारलं नसतं.

मी गेलो होतो. बाबा गेले त्या वर्षी एका दुपारी मी रोपवाटिकेत गेलो होतो, हे कुणालाच माहीत नाही. मनाशी ठरवलं होतं की मातीकाकांना म्हणायचं, मी परत आलो. ते वाफ्यात वाकले होते. मला बघून उठले, तोंडभर हसले आणि म्हणाले की बरं झालं दादा तुम्हीच आलात, या चष्म्याची काडी बघा हो, सारखी घसरते. माझ्या खिशात छोटा पेचकस नेहमी असतो. मी काडी घट्ट करून दिली. त्यांनी चष्मा चढवला, आता बरं दिसतं म्हणाले. मी घरी आलो. मला कुणीही बांधून ठेवलं नव्हतं हे खरं आहे. बाह्या तू टाचल्या होत्यास त्या तात्पुरत्या होत्या, पण पुढे माझे हातच तेवढे झाले. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलतो आणि विचारतो, हे बरं की मघाचं? माझ्यापुढे दुसरं भिंग धरायला मी कुणाला सांगितलंच नाही. तेव्हा तुझा राग योग्य जागी पोचला.

आता ‘होता’बद्दल. तो शब्द वयाचा नव्हता, ताई.

परवा दुपारी आईचं मन अगदी निवळ होतं. मला म्हणाली की दादा, दुकानात जाऊ नकोस, माझ्याजवळ बस. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली की आज आपण दोघं मिळून शेंडेफळासाठी प्रार्थना करू, तो गेला तेव्हा असेच दिवस होते. मी विचारलं की कुठे गेला. तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मीच आजारी असावा. म्हणाली की तापात गेला ना रे, तू विसरलास?

मग माझ्या लक्षात आलं. दोन मुलगे होते, एक गेला एवढं तिला पक्कं आठवतं. थोरला तर रोज तिच्यासमोर उभा आहे, दुकानात जातो, तिचा चष्मा पुसून देतो. मग गेला कोण? हिशोब सरळ आहे. त्यात तिची चूक नाही. मी इतका नीट थोरला झालो की मरायला धाकटाच शिल्लक राहिला.

ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. म्हणाली की तो माझ्यावर गेला होता, हसला की सगळा माझ्यासारखा दिसायचा. त्याला जवळ घेऊन कधी चार शब्द बोलले नाही, नेहमी हात धू, पाय धू. वाटायचं की आहेच की, कुठे पळून जातोय. तो गेल्यावर तू घर सांभाळलंस दादा, तुझ्याबद्दल देवाकडे माझी काही तक्रार नाही, पण या घरात पुन्हा कुणी तसं हसलं नाही. माझा तो जास्त लाडका होता, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुला आता सांगायला हरकत नाही, तू मोठा आहेस.

जे ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो ते सगळं तिने सांगितलं. एक अक्षर कमी नाही. फक्त ते माझ्यासाठी नव्हतं.

मग तिने डोळे मिटले आणि मलाही मिटायला लावले. मी देवाला काय म्हणावं, ताई? माझ्या आत्म्याला शांती दे, असं मी माझ्या तोंडाने कसं म्हणू? पण तिने हात घट्ट धरला होता. मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिच्या हातावर पडलं. तिने ते पुसलं आणि म्हणाली की तू रडायचं नाहीस, तू थोरला आहेस.

गच्चीवरचा डोळा हिरवा आहे असं वाटतं. अजून नक्की सांगता येत नाही.

देवाच्या दारात मला कुठल्या नावाने हाक मारतील, याचा आताशा विचार करतो. तुला काही सुचलं तर लिही.

तुझा,
दादा


दि. ३१ जुलै

चि. शेंडेफळास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आज पत्रावर आणि पाकिटावर तुझं खरं नाव लिहिते आहे. मीच लिहीत आले दादा, दादा. माझाच हात आधी सुधारायला हवा.

मी येते आहे. पुढच्या आठवड्यात ह्यांच्याबरोबर निघते. गुडघ्याला तेल लावून गाडीत बसेन, लोकांनी नाक दाबावं. आईसमोर बसून तुझा हात धरीन आणि तिला सांगेन की हे बघ तुझं शेंडेफळ, ते कुठेही गेलेलं नाही, इथेच आहे. माझं तिने आजवर ऐकलं आहे, आताही ऐकेल. तू फक्त घरात थांब. कोट घालू नकोस.

जेवत जा रे. तू आहेस, हे मला माहीत आहे. निदान एका माणसाला माहीत आहे.

तुझीच,
ताई


दि. ५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पान दुकानात बसून लिहितो आहे. सोबतचं दुसरं पान घरी, आईसमोर बसून लिहिलं. आधी हे वाच.

तुझं पत्र टपालवाल्याने नेहमीप्रमाणे खिडकीतून आईच्या हातात दिलं. तिने चष्मा चढवून पत्ता वाचला. अक्षर तुझं आणि नाव शेंडेफळाचं. कधी नव्हे ते तिने पाकीट फोडलं. मी आलो तेव्हा पत्र तिच्या मांडीवर उघडं होतं. मी म्हटलं की दुसऱ्याचं पत्र का फोडलंस. ती म्हणाली की गेलेल्याचं पत्र आईने नाही फोडायचं तर कुणी फोडायचं.

तू जे लिहिलंस त्यातला एकूण एक शब्द तिने वाचला, आणि तिला एवढंच कळलं की ताईला अजून माहीतच नाही. ती बिचारी समजते आहे की तो घरात आहे, जेवतो-खातो, आणि त्याला भेटायला दुखऱ्या गुडघ्याने निघाली आहे. ती माझ्यावर इतकी चिडली, ताई, की लहानपणीही कधी चिडली नसेल. तू थोरला असून बहिणीला एवढी गोष्ट कळवली नाहीस? ती दारात येऊन त्याला हाक मारील तेव्हा तिला काय सांगणार होतास? ताईला कळवायला हवं, आत्ताच्या आत्ता कागद घे. जेवायला तयार नाही, औषध घ्यायला तयार नाही. शेवटी मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. प्रत्येक ओळ चष्म्यातून तपासून घेतली.

तिच्या सांगण्यावरून भिंतीवर फोटोही लावला आहे. मातीकाकांच्या वाफ्यात कुणीतरी काढलेला माझा एक जुना फोटो ट्रंकेच्या तळाशी होता. ही तो पुसत होती. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली की किती मोकळा हसतो आहे, हा मुलगा मला कधी भेटलाच नाही. मग तिने त्याच्यापुढे एक फूल ठेवलं. गच्चीवरचं नव्हे. तो डोळा सुकला. खालून जंगली फुटवे आले होते, ते मी खुडून टाकले. वरच्या डोळ्याचा जोर खातात, म्हणून खुडायचेच असतात. सवयीने हात गेला. नंतर लक्षात आलं की आता वर वाचवायला काहीच नव्हतं, ते राहू दिले असते तरी चाललं असतं.

तू ये. पण समाचाराला आल्यासारखी ये. तिच्या गळ्यात पडून रडलीस तर तिला बरं वाटेल, आणि तुला रडायला काही अडचण पडणार नाही असं मला वाटतं. माझ्याकडे मात्र बघू नकोस. आणि उत्तर पाठवलंस तर पाकिटावर आधीसारखं दादा लिही. चष्म्याची काडी आलीस की नीट करून देईन.

---

दि. ५ ऑगस्ट

चि. ताईस,
आशीर्वाद.

आई सांगते तसं लिहितो. पत्र बसून वाच, जवळ कुणीतरी असू दे.

आपलं शेंडेफळ गेलं. ताप आला आणि उतरलाच नाही. तुला वेळेवर कळवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहून गेलं. आई म्हणते की शेवटी त्याला फार त्रास झाला नाही असं लिही, म्हणून तसं लिहितो. त्याने कुणाला काही त्रास दिला नाही. जाताना त्याच्या नखांत माती होती, ती आईने धुतली नाही, तशीच राहू दिली, असं ती सांगते.

त्याने तुझी आठवण काढली होती का, असं तू विचारशील म्हणून आईने मला विचारलं. मी म्हटलं, हो, काढली होती.

तू रडू नकोस. आईची काळजी करू नकोस, तिच्याजवळ मी आहे. मी बरा आहे. दुकान नीट चालू आहे.

आता तुला भाऊ म्हणून मी एकटाच राहिलो. जी माया त्याच्यासाठी ठेवली होतीस तीही मला दे, असं आई लिहायला सांगते.

तुझा,
दादा